आधी बॅटरी, मग बंदूक

माझ्या ओळखीतल्या तीन मराठी कुटुंबांनी टेक्सासात शहराबाहेर दहा-वीस एकर जमीन घेऊन शेळ्या पाळल्या आहेत. शेतीची करसवलत मिळते, पोरांना मोकळं रान मिळतं. मग पहिल्याच हिवाळ्यात एक करडू गायब होतं, कुंपणाच्या तारेला केसांचा पुंजका अडकलेला दिसतो आणि मला फोन येतो, "दादा, कायोटीसाठी कुठली बंदूक घेऊ?" मी उलट विचारतो, "बॅटरी कुठली आहे?" समोरचा गप्प होतो. त्याला वाटतं, मी विषय बदलतोय. पण विषय तिथूनच सुरू होतो.

गावाकडे ज्वारी हुरड्यात आली की आम्ही जागलीला जायचो. मचाणावर एक घोंगडी, वाजवायला पत्र्याचा डबा आणि पाच सेलची लांबडी बॅटरी. डुकरांचा कळप शिरला की आधी बॅटरी मारायची, काय आहे ते बघायचं, मगच डबा बडवायचा. कारण एखादवेळी ते शेजाऱ्याचं सुटलेलं वासरूही असायचं. गेली बारा वर्षं मी पश्चिम टेक्सासातल्या एका शेळीपालकाच्या रानात हिवाळ्याच्या काही रात्री जागलीला जातो. तिथे डब्याच्या जागी रायफल असते. त्यामुळे बॅटरी मारून बघणं तिथे शंभरपट महत्त्वाचं ठरतं.

कायोटी म्हणजे आपला कोल्हाही नव्हे आणि लांडगाही नव्हे. अंगापिंडाने दोघांच्या मधला, ९ ते २० किलो वजनाचा, उत्तर अमेरिकेचा प्राणी. नाव मेक्सिकोतल्या नाहुआट्ल भाषेतल्या 'कोयोट्ल'वरून आलं. लांडगे मारले गेले, जंगलं तुटली, तसा हा पसरत गेला. आज हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आहे आणि दक्षिणेला पनामापर्यंत पोचला आहे. उंदीर, ससे, फळं, मेलेली जनावरं, काहीही खाऊन जगतो. सगळेच कायोटी शेळ्या मारत नाहीत. पण एखाद्या जोडीला करडांची चटक लागली की ती जोडी तुमचा गोठा सोडत नाही. मी जे लिहितोय ते अशा जोडीसाठी. आणि एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. आपल्याकडच्या कोल्ह्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याची शिकार हा गुन्हा आहे. पुढचं सगळं अमेरिकेतलं आहे, ते तिथेच लागू.

बॅटरीला रात्री तीन कामं करायची असतात: जनावर शोधणं, ते काय आहे हे ओळखणं आणि नेम धरण्यापुरतं दाखवणं. लोक पहिल्या कामासाठी बॅटरी विकत घेतात, कारण जाहिरातीत तेच असतं. खरी कसोटी दुसऱ्या कामाची असते.

कायोटीच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे आरशासारखा एक थर असतो. आत शिरलेला प्रकाश तो परत फेकतो, म्हणून अंधारात डोळे पेटल्यासारखे दिसतात. दोनशे-तीनशे मीटरवरून अंग दिसत नाही, पण डोळे दिसतात. इथेच नवखा माणूस फसतो. डोळे हरणाचे चमकतात, शेळीचे चमकतात, मांजराचे, गाईचे, कुत्र्याचे चमकतात. गवतात बसलेल्या कोळ्याचेसुद्धा चमकतात. डोळ्यांच्या रंगावरून जनावर ओळखतो असं सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नका. रंग बॅटरीच्या रंगावर, अंतरावर आणि जनावराने मान कशी वळवली आहे यावर बदलतो. चाल मात्र थोडं काही सांगते. गाय संथ बघत राहते. हरणाचे डोळे उंचावर असतात आणि बराच वेळ एकाच जागी थांबतात. कायोटीचे डोळे गुडघ्याएवढ्या उंचीवर, वर-खाली होत, मध्येच विझत, पुन्हा भलत्याच जागी पेटत जवळ येतात. पण हे 'थोडं काही'च आहे.

आणि माणसाचा डोळा चमकत नाही. आपल्या डोळ्यात तो आरसा नाहीच. रानात कुणी चालत असेल, पाण्याची टाकी बघायला आलेला गडी असेल, वाट चुकलेला असेल, तर तुमच्या बॅटरीला तो काहीही उत्तर देणार नाही. दोन चमकणाऱ्या डोळ्यांच्या मागच्या अंधारात तो उभा असू शकतो. हे वाक्य मी प्रत्येक नव्या माणसाला दोनदा ऐकवतो.

तीन वर्षांपूर्वीची जानेवारी होती. एडवर्ड्स पठार, उत्तरेचा वारा, पारा शून्याखाली. हा सगळा भाग शेळ्यामेंढ्यांचा. चुनखडीचा खडक, त्यावर निवडुंग आणि मेस्कीटची झुडपं, म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं भावंडच. सशाच्या विव्हळण्याचा आवाज काढणारा कॉल लावून आम्ही दोघं कोरड्या ओढ्याच्या काठावर बसलो होतो. सातव्या-आठव्या मिनिटाला लाल उजेडाच्या कडेला दोन डोळे पेटले. खाली, हलते, थेट आवाजाच्या रोखाने येणारे. सगळी लक्षणं कायोटीची. मी रायफलीला गाल लावला, बोट चापाबाहेर. सोबत्याने झोताचा मधला भाग हळूच त्याच्यावर आणला. दुर्बिणीत आधी रुंद छाती दिसली. लाल उजेडात पांढरा आणि भुरकट रंग जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळे रंगाने काहीच सांगितलं नाही. मग त्याने मान वळवली आणि गळ्यातला पट्टा दिसला. कळपाचा राखणदार, ग्रेट पिरेनीज जातीचा कुत्रा. कुणीतरी पिल्लू ओरडतंय म्हणून तो आपलं काम करायला धावत आला होता. मी रायफल उतरवली, काडतूस काढलं आणि बराच वेळ हात मांडीवर दाबून बसलो. त्या रात्री आम्ही पुढे बसलोच नाही. दुसऱ्या दिवशी रानातल्या सगळ्या कुत्र्यांच्या पट्ट्यांना उजेडात चमकणारी पट्टी शिवली.

ही चूक माणसं खरोखर करतात. उत्तर कॅरोलिनाच्या पूर्व भागात लाल लांडगा नावाचा अतिदुर्मीळ प्राणी मोकळा राहतो. दिसायला कायोटीसारखा, जरा थोराड. बंदुकीच्या गोळीने इतके लांडगे मरायला लागले, की २०१४ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने पाच परगण्यांत कायोटीच्या शिकारीवर, रात्रीच्या शिकारीसकट, मनाई घातली. दिवसाही जे दोन प्राणी वेगळे ओळखणं अवघड, ते रात्री दोन डोळ्यांवरून कसे ओळखणार?

आता बॅटरी घेताना डब्यावर काय वाचायचं ते सांगतो. मोठ्या अक्षरात लुमेन लिहिलेले असतात. लुमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो अंगणभर पसरला काय किंवा एका रेषेत गेला काय, लुमेन तेवढेच. आपल्याला लागतो तो कॅन्डेला, म्हणजे एका दिशेला झोत किती जोरकस आहे तो आकडा. बागेच्या नळाला पाणी तेवढंच असतं, पण तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते. ही धार म्हणजे कॅन्डेला. हजार लुमेनची पसरट बॅटरी शंभर मीटरवर मिणमिणते, आणि तीनशे लुमेनची, खोल वाटीच्या परावर्तकाची बॅटरी तिच्या पुढे जाते.

डब्यावर 'झोताचा पल्ला ४०० मीटर' असं लिहिलेलं असतं, त्याचाही अर्थ ठरलेला आहे. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे ज्या अंतरावर उजेड पाव लक्सपर्यंत उतरतो, तो पल्ला. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. तेव्हा ४०० मीटरवर तुमची बॅटरी फक्त चांदण्याएवढा उजेड टाकते. त्यात मेंढी आणि झुडूप वेगळं काढता येत नाही. पण प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे जवळ येताना वर्गाने वाढतोही. तीच बॅटरी २०० मीटरवर एक लक्स देते आणि १०० मीटरवर चार लक्स. म्हणून माझा हिशेब साधा आहे. लिहिलेल्या पल्ल्याला तीनाने भागायचं, येईल ते ओळखण्याचं अंतर. ४०० लिहिलं असेल तर १३० मीटरच्या पुढे त्या बॅटरीवर विसंबून चाप ओढायचा नाही. हे आकडे पांढऱ्या उजेडाचे. पांढऱ्या बॅटरीवर लाल काच चढवली की बहुतेक प्रकाश त्या काचेतच मरतो. रंगीत उजेड हवा असेल तर मुळातच लाल किंवा हिरवा एलईडी असलेली बॅटरी घ्या.

लाल की हिरवा, यावर शिकाऱ्यांमध्ये तावातावाने वाद चालतात. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी आहेत, कुत्र्याच्या जातीच्या प्राण्यांत दोनच. त्यांतली एक निळ्या-जांभळ्या प्रकाशाला, म्हणजे सुमारे ४३० नॅनोमीटरला, आणि दुसरी पिवळट हिरव्याला, सुमारे ५५५ नॅनोमीटरला सगळ्यात जास्त प्रतिसाद देते. लाल प्रकाश ६२० नॅनोमीटरच्या पुढचा. तो त्यांच्या नजरेच्या पार कडेला पडतो, म्हणून लाल झोत कायोटीला फारसा बोचत नाही. पण तो त्याला दिसतच नाही असं मात्र नाही. अंधारात एक मंद ठिपका हलतोय एवढं त्याला कळतं. आता आपली बाजू बघा. अंधाराला सरावलेला माणसाचा डोळा ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे निळसर हिरव्या प्रकाशाला सगळ्यात तिखट असतो. तेवढ्याच ताकदीचा हिरवा झोत आपल्याला जास्त लख्ख दिसतो, त्यात केसांचा पोत आणि कानांची कड जास्त कळते. पण हिरव्याने आपलाच अंधाराचा सराव मोडतो आणि तो पुन्हा यायला वीस-तीस मिनिटं लागतात. लालमध्ये तो बराचसा टिकतो.

मी शोधायला लाल वापरतो. ओळखण्याबद्दल जरा जरी शंका आली तर पांढरा लावतो. जनावर पळालं तर पळालं. पांढरा उजेड लावला की शिकार जाते असं म्हणणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे की शिकार पुन्हा येते, कुत्रा पुन्हा येत नाही.

झोत वापरण्याची एक पद्धत आहे, ती हातात बसायला दोन-तीन रात्री लागतात. झोताच्या मध्यभागी एक लख्ख गोळा असतो आणि त्याभोवती फिकट वलय. शोधताना लख्ख गोळा जमिनीच्या वर, हवेत धरायचा आणि वलयाची खालची कड रानावरून फिरवायची. डोळे चमकायला तेवढी कड पुरते. डोळे दिसले तरी कडच त्याच्यावर ठेवायची, गोळा आणायचा नाही. कॉल सुरू झाल्यापासून उजेड सतत चालू, सतत फिरता. मध्येच बंद-चालू केलं की जनावर बिचकतं. आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला जास्त फिरवा, कारण कायोटी सरळ येत नाही. आवाजाला वळसा घालून, वास घेत घेत येतो.

ज्याच्यावर मी कधीच तडजोड करणार नाही ते असं. शोधायची बॅटरी बंदुकीवर बसवलेली नसावी. ती हातात, डोक्यावर किंवा सोबत्याकडे असावी. बंदुकीवरच्या बॅटरीने रान धुंडाळायचं म्हणजे भरलेल्या बंदुकीची नळी प्रत्येक शेळीवर, प्रत्येक कुत्र्यावर, रस्त्याने येणाऱ्या प्रत्येक गाडीवर रोखायची. बंदुकीवरची वेगळी बॅटरी चालते, पण ती फक्त शेवटच्या क्षणासाठी. आणि ती दुर्बिणीच्या वर बसवा. नळीशेजारी बसवली तर नळीवरूनच उजेड परततो आणि दुर्बिणीत धुकं दिसतं. सेल लिथियमचे असतात, जाड २१७०० किंवा बारीक १८६५०. थंडीत ते लवकर मान टाकतात. जादाची जोडी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत, आणि सुटे सेल प्लास्टिकच्या डबीतच. किल्ल्यांबरोबर खिशात टाकले तर शॉर्ट होऊन पेट घेतात.

थर्मल दुर्बिणीबद्दल हल्ली सगळे विचारतात. हजारो डॉलर किंमत आहे, आणि जनावर शोधण्यासाठी तिच्यासारखं काही नाही हे मी मान्य करतो. ती प्रकाश बघतच नाही, अंगाची उष्णता बघते. गवतात दबलेला माणूसही तिला दिसतो आणि माझ्या दृष्टीने तिचा सगळ्यात मोठा गुण हाच. पण ती ओळखायला कच्ची आहे. नेहमीचा हिशेब करून बघा. संवेदकाचा एक ठिपका १२ मायक्रॉनचा, भिंग ३५ मिलिमीटरचं. २०० मीटरवर असा एक ठिपका जवळपास ७ सेंटिमीटर जागा व्यापतो. मीटरभर लांबीचा कायोटी तिथे चौदा ठिपके लांब आणि आठ-नऊ ठिपके उंच दिसेल. ६०० मीटरवर तोच पाच ठिपक्यांचा उरतो. त्या पाच ठिपक्यांत कान कुठला, शेपूट कुठली? 'दीड किलोमीटरवरून दिसतं' अशा जाहिरातीत दिसणं म्हणजे हेच, काहीतरी ऊबदार आहे एवढं कळणं. शिवाय गळ्यातला पट्टा, अंगावरचा रंग, मधली तार, नळीपुढची काटकी यांतलं काही नीट दिसत नाही. काचेतूनही ती बघू शकत नाही. शोधायला थर्मल, ओळखायला उजेड, अशी जोडी खर्चाची पण उत्तम. भारतात जाताना ही दुर्बीण सोबत नेऊ नका. अमेरिकेचे निर्यातीचे नियम तिला लागू पडतात.

इन्फ्रारेड झोतावर चालणारी रात्रदुर्बीण स्वस्त पडते. तिचा ८५० नॅनोमीटरचा झोत लांब जातो, पण उगमापाशी मंद लाल ठिपका दिसतो. ९४० नॅनोमीटरचा ठिपका दिसत नाही, पल्लाही तोकडा. कंजूष वाटलं तरी मी नवख्याला आधी साधी बॅटरीच घ्यायला सांगतो.

आता बंदूक. इथे लोक निष्कारण भांडतात, कारण कायोटी हा वीस किलोच्या आतला प्राणी आहे आणि रात्री तुम्ही दीडशे मीटरच्या आतच गोळी चालवणार आहात. तेवढ्याला लागणाऱ्या ताकदीची काडतुसं डझनभर आहेत. खरा प्रश्न हा की गोळी जनावराच्या पलीकडे गेली, किंवा चुकली, तर ती कुठे जाईल.

.२२३ रेमिंग्टन, बोलताना 'टू-ट्वेंटी-थ्री', ही माझी शिफारस. गोळीचं वजन बहुतेकदा ५५ ग्रेन. एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या अर्ध्या गुंजेपेक्षा किंचित जास्त. म्हणजे गोळी साडेतीन ग्रॅमची आणि नळीतून सुटताना वेग सेकंदाला सुमारे ९८५ मीटर. धक्का इतका कमी की गोळी सुटल्यावरही जनावर दुर्बिणीत राहतं, लागली की नाही ते कळतं. रात्री या गोष्टीची किंमत फार आहे. काडतुसं स्वस्त, त्यामुळे सराव होतो. .२२-२५० त्याच वजनाची गोळी सेकंदाला ११२० मीटरच्या आसपास नेते. कॅन्सससारख्या उघड्या माळावर लांबून मारणाऱ्यांना ती आवडते. .२४३ विंचेस्टर जड गोळी नेते आणि वाऱ्याला कमी ढळते, पण आवाज-धक्का वाढतो, आणि शेळ्यांच्या रानात मला ती गरजेपेक्षा मोठी वाटते. उलट टोकाला .१७ एचएमआर. सतरा ग्रेनची चिमुकली गोळी सशाला ठीक, कायोटीला शंभर मीटरच्या अलीकडेच आणि तीही शांत हवेत. जखमी होऊन झुडपात शिरलेलं जनावर रात्री शोधणं कठीण, आणि ते तसं तडफडत राहावं अशी वेळ आणणं मला मंजूर नाही. घरात .२२ पडलेली आहे ती चालेल का, असं विचारणाऱ्यालाही हेच उत्तर.

झाडी दाट असेल तर छर्ऱ्याची बारा बोअरची बंदूक बरी. तीन इंची काडतुसात नंबर चार बकचे ४१ छर्रे असतात, प्रत्येक पाव इंचाला थोडा कमी. पस्तीस-चाळीस मीटरपर्यंत ती काम करते, पुढे छर्रे विखुरतात. तिचा मोठा फायदा असा की छर्ऱ्यांचा जोर रायफलीच्या गोळीच्या मानाने खूप लवकर संपतो. शेजारचं घर जवळ असलेल्या वीस एकरांच्या तुकड्यात मी रायफल सुचवतच नाही.

कारण रायफलीची गोळी चुकली तर काही किलोमीटर जाते. साध्या .२२च्या डब्यावरही दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली असते. दिवसा मागे टेकडी आहे की रस्ता, ते दिसतं. रात्री उजेडाच्या वर्तुळापलीकडे सगळं काळं. लोक म्हणतात, उंचावरून मारलं की गोळी जमिनीत जाते. हिशेब करा. पिकअपच्या हौद्यात उभं राहून दोन मीटर उंचीवरून शंभर मीटरवर मारलं, तर गोळी जमिनीला जेमतेम एका अंशाच्या कोनाने भिडते. एडवर्ड्स पठारावर तर वर मातीचा पातळ थर आणि खाली चुनखडी. तिथे गोळी तळ्यात भाकरी मारलेल्या चपट्या दगडासारखी उसळून पुढे जाते. म्हणून गोळीचा प्रकार महत्त्वाचा. तांब्याने पूर्ण मढवलेली लष्करी धाटणीची गोळी नको. ती आरपार जाते आणि उसळते. पातळ कवचाची, टोकाला प्लास्टिकचा मणी असलेली, लागताच फुटणारी गोळी घ्या. ती बहुधा जनावराच्या आतच विखुरते, दगडावर आदळली तरी तुकडे होण्याची शक्यता जास्त. बहुधा म्हटलं, नक्की नव्हे. मागे मातीचा चढ नसेल तर गोळी नाही.

हे सगळं उजेडी ठरवायचं असतं. मी सूर्य मावळायच्या तासभर आधी पोचतो, बसायच्या जागेवर बसतो आणि डावी-उजवीकडे दोन खुंट्या ठोकतो, त्यांना मागून चमकपट्टी. खुंट्यांच्या मधल्या भागात मागे टेकडीचा चढ आहे, बाहेर नाही. रात्री नळी त्या दोन खुंट्यांबाहेर गेली की कितीही सोपा नेम असो, सोडून द्यायचा. अशी सोडलेली जनावरं मी मोजलेली नाहीत, पण मारलेल्यांपेक्षा ती जास्त आहेत.

दुर्बिणीबद्दल एकच सांगतो. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा, एवढ्या रुंदीची प्रकाशाची चकती डोळ्यापाशी येते. ४४ मिलिमीटरचं भिंग सहापटीवर ठेवलं तर ७ मिलिमीटरहून जरा मोठी चकती, रात्री फाकलेली बाहुली भरण्याएवढी. चौदापटीवर नेली तर तीनच मिलिमीटर, चित्र काळवंडतं. लोक रात्री ओळख पटवायला मोठेपणा वाढवतात आणि आणखी कमी बघतात. चार ते सहा पट पुरे. आणि कानाला संरक्षण लावा, .२२३चा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो.

कायद्याचं बोलू. टेक्सासात खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, कायोटी वर्षभर आणि रात्रीही मारता येतो, उजेड लावता येतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच चालत नाही. राज्यागणिक नियम वेगळे, तेव्हा शेजारच्या राज्यातल्या मित्राचं ऐकून काही करू नका. टेक्सासातही निघण्याआधी तिथल्या गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे नियम राखणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, फोन करून सांगायची रीत आहे. रात्री उजेड घेऊन फिरणारा माणूस हरणचोर असू शकतो, आणि उजेड लावून हरीण मारणं गुन्हा आहे.

मराठी वाचकांपैकी अनेकांना लागू पडेल असा एक नियम बंदुकीच्या दुकानात जाण्याआधी वाचा. एच-१बी, एफ-१ यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाही सरसकट मनाई आहे. काही अपवाद आहेत. नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना हातात असणं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. मित्राची बंदूक 'जरा धरून बघणं'सुद्धा अंगाशी येऊ शकतं आणि त्याचा परिणाम व्हिसावर होतो, म्हणून इमिग्रेशनच्या वकिलाला आधी विचारा. शिकारीचा सुरक्षा अभ्यासक्रमही करा. टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या शिकाऱ्यांना तो लागतोच, पण नसता लागला तरी मी करायला सांगितला असता.

एप्रिल ते जून आम्ही बसत नाही. जानेवारी-मार्चमध्ये कायोटींचा समागम, नंतर नऊ आठवड्यांनी पिल्लं. मादी मेली तर बिळातली पिल्लं उपाशी मरतात. नियम असं काही सांगत नाही, हे आम्ही आमच्यापुरतं ठरवलेलं आहे. आणि ज्यांना बक्षिसासाठी जास्तीत जास्त कायोटी मारायच्या स्पर्धा आवडतात त्यांच्याशी माझं जमत नाही. तशी बक्षिसं कॅलिफोर्नियाने २०१४ मध्येच बंद केली. एक जोडी काढली की तिच्या जागी दुसरी येते, हे प्रत्येक जुना शेळीपालक जाणतो. म्हणून आमच्या रानात बंदुकीचं काम वर्षातल्या पाच-सहा रात्रींचं. उरलेल्या रात्री दोन पिरेनीज आणि एक गाढव कळप राखतात, व्यायच्या दिवसांत शेळ्या घराजवळच्या कुंपणात असतात.

मारलेल्या जनावराला उघड्या हाताने शिवायचं नाही. १९८८ पासून काही वर्षं दक्षिण टेक्सासच्या कायोटींमध्ये रेबीजची साथ होती. १९९५ पासून विमानातून लसीचे गोळे टाकून ती आटोक्यात आणली. तरी रबरी हातमोजे घालायचे, आधी लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून खात्री करायची, आणि जागा खुंटीने नोंदवायची, म्हणजे गोळी कुठून कुठे गेली ते सकाळी तपासता येतं.

निघताना क्रम ठरलेला आहे. आधी बंदूक रिकामी, नळीच्या मागच्या अंगाला काडतूस बसतं त्या जागेत बोट घालून बघितलेली. मग कॉल बंद. मग पांढरी बॅटरी लावून दोघांनी एकमेकांना तोंडाने सांगायचं, "रिकामी." शेवटी कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला निरोप, आम्ही उठलो म्हणून. तो आमच्या निरोपासाठी जागा असतो. निरोप पोचला की त्याच्या पडवीतला दिवा लागतो आणि संध्याकाळपासून कोंडलेली त्याची दोन कुत्री भुंकत रानात सुटतात.